तेरेखोलच्या दोन तीरांवरची पत्रकारिता

कुणकेश्वर : देवगड तालुक्यातील कुणकेश्वर हे गाव समुद्राला लागून उभ्या असलेल्या शिवमंदिरामुळे आणि महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे सर्वपरिचित आहे. याच तालुक्यातील पोंभुर्ले हे आद्य मराठी पत्रकार बाळशास्त्री जांभेकर यांचे जन्मगाव. कुणकेश्वराहून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाले की मालवण, वेंगुर्ला, शिरोडा ही गावे मागे टाकत तेरेखोलची खाडी लागते आणि तिच्या पलीकडे गोवा सुरू होतो. या चिंचोळ्या पट्ट्याने गेल्या दोनशे वर्षांत कंपनी सरकार, ब्रिटिश राजसत्ता, सावंतवाडी संस्थान, पोर्तुगीज हुकूमशाही, भारतीय लोकशाही आणि त्याच लोकशाहीतील आणीबाणी, इतक्या राजवटी पाहिल्या. वृत्तपत्रे या प्रत्येक राजवटीत निघत होती. मात्र त्यांत काय छापून यावे हे ठरविणारा हात दर वेळी निराळा होता.

लोकशाही देशांतील आणि लोकशाहीकडे वाटचाल करणाऱ्या, म्हणजे संक्रमणशील, समाजांतील माध्यमव्यवस्थांची तुलना हा आज जगभरच्या विद्यापीठांत अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी युरोपातील दाखले दिले जातात. कोकण आणि गोव्याच्या सीमेवरचा इतिहास पाहिला, तर हाच विषय घराच्या अंगणात उलगडतो.

तुलना कशाची करायची?

माध्यमव्यवस्थांच्या तुलनेचा पहिला गाजलेला प्रयत्न १९५६ साली अमेरिकेत झाला. फ्रेड सीबर्ट, थिओडोर पीटरसन आणि विल्बर श्रॅम या तिघांनी वृत्तपत्रांचे चार सिद्धांत मांडले. सत्तेची चाकरी करणारे, पूर्णतः मुक्त, सामाजिक जबाबदारी मानणारे आणि सोव्हिएत पद्धतीचे असे ते चार प्रकार होत. ही विभागणी शीतयुद्धाच्या काळातील होती आणि तिच्यावर त्या काळाची छाप होती. पुढे २००४ साली डॅनियल हॅलिन आणि पाओलो मॅन्चिनी यांनी पश्चिम युरोप व उत्तर अमेरिकेतील १८ देशांचा अभ्यास करून वेगळी पद्धत सुचविली. कोणत्याही देशाची माध्यमव्यवस्था ओळखण्यासाठी त्यांनी चार गोष्टी पाहिल्या. वृत्तपत्रांचा वाचकवर्ग किती मोठा आहे, पत्रे आणि राजकीय पक्ष यांचे नाते किती घट्ट आहे, पत्रकारांनी व्यवसाय म्हणून स्वतःचे नियम कितपत घडविले आहेत आणि सरकारचा हात कोठवर पोहोचतो, या त्या चार गोष्टी.

या कसोट्यांवर त्यांना तीन नमुने आढळले. ब्रिटन, अमेरिकेत बाजारपेठेला प्राधान्य असलेली उदार व्यवस्था आहे. जर्मनी आणि स्कँडिनेव्हियन देशांत प्रबळ पक्षीय परंपरा आणि तितकीच प्रबळ व्यावसायिक शिस्त एकत्र नांदतात. इटली, स्पेन, पोर्तुगाल, ग्रीस या दक्षिण युरोपीय देशांत वृत्तपत्रे पक्षांच्या आणि मालकांच्या जवळची, खप मर्यादित आणि सरकारचा हस्तक्षेप अधिक, असे चित्र दिसते. यांतील पोर्तुगाल या देशाचा कोकणच्या शेजाराशी साडेचारशे वर्षे थेट संबंध होता.

परवान्यापासून कायद्यापर्यंत

जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. आरंभी पाक्षिक आणि काही महिन्यांतच साप्ताहिक झालेल्या या पत्रात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी असे. महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस आजही पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. 'दर्पण' निघाले तेव्हा मुंबई इलाख्यात वृत्तपत्रांवर परवान्याचे नियम लागू होते. ते नियम चार्ल्स मेटकाफ यांनी १८३५ च्या कायद्याने काढून टाकले. म्हणजे मराठीतील पहिले वृत्तपत्र हे स्वातंत्र्य मिळाल्यानंतर जन्मलेले नव्हे, तर परवान्याच्या चौकटीत राहून वाचक घडविणारे पत्र होते. एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्या कळावी आणि इंग्रज सत्ताधाऱ्यांना एतद्देशीयांचे म्हणणे कळावे, अशी त्याची दुहेरी रचना होती.

मेटकाफ यांनी दिलेली मोकळीक टिकली नाही. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील पत्रांसाठी स्वतंत्र, जाचक कायदा केला. इंग्रजी पत्रे त्यातून वगळण्यात आली होती. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत तो कायदा रद्द झाला. पण राजद्रोहाचे कलम हाताशी होतेच. 'केसरी'तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटिश पद्धतीचे वैशिष्ट्य हे की, सर्वसाधारण काळात मजकूर आधी छापता येई आणि शिक्षा मागाहून होई. छापखाना जप्त होई, जामीन मागितला जाई, संपादक तुरुंगात जाई; पण खटला न्यायालयात चाले आणि त्याची बातमीही होई. शेजारच्या सावंतवाडी संस्थानातून 'वैनतेय' हे साप्ताहिक निघे आणि शिरोड्याच्या शाळेत शिक्षक असलेले वि. स. खांडेकर त्यात लिहीत असत.

निळ्या पेन्सिलीचे राज्य

तेरेखोलच्या दक्षिणेला हाच काळ उलट्या क्रमाने गेला. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. गोव्यातील पहिले नियतकालिक 'गॅझेटा द गोवा' १८२१ मध्ये, पोर्तुगालमधील उदारमतवादी क्रांतीच्या पाठोपाठ निघाले. १९०० साली 'ओ हेराल्डो' हे पोर्तुगीज दैनिक सुरू झाले. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि गोव्यातील हिंदू समाजालाही छापील शब्दाची वाट मोकळी झाली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' हे पत्र १९१२ सालचे. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना गोव्यात मराठी पत्रे धीटपणे लिहू लागली होती, ही गोष्ट आज विस्मयकारक वाटते.

मे १९२६ मध्ये लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला आणि चित्र पालटले. पाठोपाठ सालाझार यांची हुकूमशाही स्थिरावली. आता मजकूर छपाईपूर्वीच सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. सेन्सॉर अधिकारी निळ्या पेन्सिलीने ओळी खोडत असत, त्यामुळे पोर्तुगीज भाषेत 'निळी पेन्सिल' हा शब्दच सेन्सॉरशिपचा पर्याय बनला. वृत्तपत्रावर 'सेन्सॉर समितीने पाहिले' असा शेरा छापला जाई. लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचे 'प्रकाश' हे पत्र १९३७ मध्ये सरकारने बंद पाडले. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जात असत, असे त्या काळातील गोमंतकीयांनी नोंदवून ठेवले आहे.

ब्रिटिश अमलातील शिक्षा आणि पोर्तुगीज अमलातील पूर्वनियंत्रण यांतील फरक वाचकाच्या दृष्टीने मोठा आहे. पहिल्या पद्धतीत वाचकाला मजकूर आणि त्याची किंमत दोन्ही कळतात. दुसऱ्या पद्धतीत काही गाळले गेले आहे याचाच त्याला पत्ता लागत नाही. त्यामुळे गोव्याविषयीची माहिती सीमेबाहेर तयार होऊ लागली. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी १९५३ मध्ये मुंबईहून 'फ्री गोवा' हे पत्र काढले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त आकाशवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी चालविलेले हे केंद्र आरंभी सावंतवाडीजवळील आंबोलीच्या जंगलात होते, मग ते कॅसलरॉकच्या परिसरात हलविण्यात आले. पोर्तुगीज आणि कोकणी भाषांतून रोज प्रसारित होणारे त्यांचे कार्यक्रम डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त होईपर्यंत, चालू होते. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात येणाऱ्या घाटमाथ्यावरून शेजारच्या मुलखाची बातमी त्याच मुलखाला सांगितली जात होती. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

१९६१ चे दोन दिवस

दोन व्यवस्थांतील अंतर मोजायचे असेल, तर १९६१ सालातील दोन तारखा पुरेशा आहेत. २५ सप्टेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या 'सकाळ' दैनिकाच्या खटल्याचा निकाल दिला. वृत्तपत्राने किती पाने द्यायची आणि त्याची किंमत किती ठेवायची याचे कोष्टक केंद्र सरकारने १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांद्वारे ठरवून दिले होते. मोठ्या पत्रांची मक्तेदारी होऊ नये आणि लहान पत्रे जगावीत, असा सरकारचा युक्तिवाद होता. डॉ. नानासाहेब परुळेकर यांच्या 'सकाळ'ला त्यामुळे एक तर किंमत वाढवावी लागणार होती किंवा पाने कमी करावी लागणार होती. या खटल्यात 'सकाळ'च्या वाचकांनीही याचिका केली होती. हेतू चांगला असला तरी खप आणि पाने यांवर बंधन घालणे म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच बंधन घालणे होय, असे सांगून न्यायालयाने कायद्यातील संबंधित तरतूद आणि आदेश रद्द ठरविला.

या निकालानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तोपर्यंत पणजीतील संपादक मजकूर घेऊन सेन्सॉरकडे जात होते. एका तीरावर वाचक पानांच्या संख्येसाठी सरकारला न्यायालयात खेचत होता, दुसऱ्या तीरावर वाचक म्हणून त्याला कोणताच हक्क नव्हता.

सेन्सॉर गेल्यानंतर

संक्रमणशील समाजांचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. सेन्सॉर एका दिवसात जातो. पण वृत्तपत्र काढायला भांडवल लागते, आणि ते कोणाकडे असते? गोव्यात ते खाण उद्योजकांकडे होते. मार्च १९६२ मध्ये चौगुले उद्योगसमूहाने 'गोमन्तक' हे मराठी दैनिक सुरू केले. बा. द. सातोस्कर हे त्याचे पहिले संपादक. १९६३ मध्ये धेंपो समूहाचे 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक निघाले. मडगावहून 'राष्ट्रमत' त्याच वर्षी सुरू झाले.

या नव्या वृत्तपत्रांची पहिली मोठी कसोटी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी लागली. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा, हा प्रश्न होता. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला. विलीनीकरणाविरुद्धची बाजू 'राष्ट्रमत'ने मराठीतूनच लढविली आणि त्यातील उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर घरोघरी वाचले गेले. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ तर बाजूने १,३८,१७० मते पडली. तटस्थतेच्या कसोटीवर दोन्ही पत्रे उतरणार नाहीत. हॅलिन-मॅन्चिनी यांच्या भाषेत हे पक्षीय नात्याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. तरीही लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, वाचकासमोर दोन्ही बाजू एकाच भाषेत उपलब्ध होत्या आणि कौल विरोधात गेला तरी 'गोमन्तक' पुढेही निघत राहिला. सहा वर्षांपूर्वी ज्या भूमीवर निळ्या पेन्सिलीचे राज्य होते, तेथे ही छोटी गोष्ट नव्हती.

मालकीचा प्रश्न मात्र मिटला नाही. खाणींमुळे होणारे प्रदूषण आणि बेकायदा उत्खनन यांच्या बातम्या खाणमालकांची पत्रे कितपत देतील, असा प्रश्न गोव्यात वारंवार विचारला गेला. पुढे 'गोमन्तक' पुण्याच्या 'सकाळ' समूहाकडे गेला. खाडीच्या उत्तरेलाही स्थिती फार निराळी नाही. महाराष्ट्रातील अनेक प्रमुख दैनिकांची मालकी राजकारणाशी नाते असलेल्या घराण्यांकडे किंवा थेट राजकीय पक्षांकडे आहे. सिंधुदुर्गातही राजकीय नेतृत्वाने स्वतःची दैनिके काढली आहेत. वाचकाला ही मालकी बहुधा ठाऊक असते. अडचण येते ती बातमीची किंमत लपवली जाते तेव्हा. २००९ च्या लोकसभा आणि महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत 'पेड न्यूज'चा बाजार उघड झाला. त्याची चौकशी करण्यासाठी प्रेस कौन्सिलने नेमलेल्या दोन सदस्यांच्या समितीचा सविस्तर अहवाल २०१० मध्ये तत्काळ प्रसिद्धही झाला नाही.

लोकशाहीतील निळी पेन्सिल

लोकशाही म्हणजे सेन्सॉर कायमचा गेला, असेही मानता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली आणि पूर्वनियंत्रण भारतभर लागू झाले. प्रेस कौन्सिल बरखास्त करण्यात आले, चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था बनविण्यात आली. गंमत अशी की, पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने सेन्सॉर संपुष्टात आणला होता. म्हणजे लिस्बनचे संपादक मोकळे झाले होते, त्या वेळी पणजी आणि मुंबईचे संपादक सेन्सॉरच्या शिक्क्याची वाट पाहत होते.

या काळात पुण्याच्या 'साधना' साप्ताहिकावर कारवाई झाली. मुंबईच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचा मजकूर सेन्सॉरने रोखला, तेव्हा संपादक मिनू मसानी न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरची बंदी रद्द ठरविली. सरकारवर टीका करणारा मजकूर केवळ टीका आहे म्हणून दडपता येणार नाही, असा या निकालाचा आशय होता. १९७७ मध्ये आणीबाणी उठली, पुढे प्रेस कौन्सिल पुन्हा अस्तित्वात आले आणि चारही वृत्तसंस्था पुन्हा वेगळ्या झाल्या. गोव्यात पूर्वनियंत्रण संपायला पस्तीस वर्षे आणि लष्करी कारवाई लागली, येथे एकवीस महिने आणि एक निवडणूक पुरली. दोन्ही व्यवस्थांत सेन्सॉर होता. मात्र एकीत त्याला आव्हान देण्याची जागा शिल्लक होती.

इतरत्र काय घडले?

क्रांतीनंतरच्या पोर्तुगालची वाटही सरळ नव्हती. १९७५ मध्ये बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकांच्या मालकीची अनेक दैनिके आपोआप सरकारी झाली. त्याच वर्षी 'रिपुब्लिका' या सालाझारविरोधी परंपरेच्या दैनिकाचा ताबा छपाई कामगारांनी समाजवादी संपादकाकडून घेतला आणि त्यावरून सरकार डळमळले. १९७६ च्या राज्यघटनेने सेन्सॉरशिपला मनाई केली. सरकारकडे गेलेली पत्रे पुन्हा खासगी होण्यास आणि खासगी दूरचित्रवाणी सुरू होण्यास मात्र १९९० चे दशक उजाडावे लागले.

हंगेरीत उलटा प्रवास घडला. १९८९ नंतर तेथे मोकळी पत्रे बहरली. २०१६ मध्ये 'नेपसाबाद्शाग' हे प्रमुख विरोधी दैनिक मालकाने एकाएकी बंद केले आणि २०१८ मध्ये सरकारच्या जवळच्या मालकांनी चारशेहून अधिक माध्यमे एकाच प्रतिष्ठानाला देऊन टाकली. सेन्सॉर नेमण्याची गरजच उरली नाही. म्यानमारमध्ये २०१२ साली पूर्वनियंत्रण उठले, २०१३ मध्ये खासगी दैनिके निघाली आणि फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर अनेक माध्यमांचे परवाने रद्द झाले. नेपाळमध्ये २००५ मध्ये राजा ग्यानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा एफएम केंद्रांना बातम्या देण्यास बंदी झाली. सव्वा वर्षात जनआंदोलनाने ती राजवट हटविली.

भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा अद्याप नाही, हे या संदर्भात नोंदविले पाहिजे. दूरचित्रवाणीवर शेकडो वृत्तवाहिन्या असताना खासगी रेडिओवर केवळ आकाशवाणीच्या बातम्या ऐकवता येतात. एकाच देशात माध्यमानुसार व्यवस्था बदलते, ती अशी.

आजची स्थिती

'रिपोर्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेच्या २०२५ च्या निर्देशांकात १८० देशांमध्ये पोर्तुगाल ८ व्या, तर भारत १५१ व्या स्थानी आहे. या निर्देशांकाच्या पद्धतीवर भारत सरकारने वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. क्रमांक बाजूला ठेवले, तरी निळ्या पेन्सिलीचा देश अर्ध्या शतकात कोठे पोहोचला, हे त्यातून दिसते.

भारतात जुन्या राजवटीचे कायदे दीर्घकाळ टिकले. छापखाने व पुस्तकांच्या नोंदणीचा १८६७ चा कायदा थेट २०२४ मध्ये बाद होऊन त्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. राजद्रोहाच्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये थांबविला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम त्या नावाने नाही, पण कलम १५२ मध्ये मिळतीजुळती तरतूद आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा इंटरनेटवरील मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारी २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. १९६१, १९७६ आणि २०२४ या तिन्ही वेळी महाराष्ट्रातील याचिकाकर्ते न्यायालयात उभे राहिले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

न्यायालयाचे हे संरक्षण गावातल्या वार्ताहरापर्यंत मात्र सहजी पोहोचत नाही. देवगडला लागून असलेल्या राजापूर तालुक्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये 'महानगरी टाइम्स'चे पत्रकार शशिकांत वारिशे यांना वाहनाने चिरडण्यात आले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. प्रस्तावित रिफायनरीच्या वादाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. या प्रकरणी खुनाचा गुन्हा दाखल झाला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्येच केला होता आणि २०१९ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली होती. कायदा कागदावर असूनही घटना घडली. तेथे सेन्सॉर नव्हता, परवाना नव्हता, मालकाने बातमी रोखलीही नव्हती.

माध्यमव्यवस्थांच्या तुलनेत म्हणूनच सेन्सॉर आहे की नाही हा प्रश्न पहिला असला तरी शेवटचा ठरत नाही. मालक कोण, जाहिरात कोणाची, बातमीदाराला संरक्षण कोणाचे आणि अन्याय झाल्यास दाद कोठे, हे प्रश्न त्यामागोमाग येतात. 'सकाळ'च्या खटल्यात संपादकाबरोबर वाचकही याचिकाकर्ता होता. कुणकेश्वरापासून पणजीपर्यंत रोज सकाळी दैनिक उघडणाऱ्या वाचकाने हे प्रश्न आपल्या पत्राला विचारले, तर परवान्याच्या काळात पोंभुर्ल्याच्या शास्त्रीबुवांनी ज्याच्यासाठी पत्र काढले तो वाचक आजही जागा आहे, असे म्हणता येईल.